घर आवरू नका

स्पीकरबरोबर येणारी माहिती कुणी वाचत नाही, असं लोक मला तोंडावर सांगतात. मी म्हणते, वाचत नाहीत, कारण ती वाचावी अशी लिहिलेली नसते. मी लिहिलेली वाचतात. मला माझं काम येतं आणि ते येतं असं म्हणायला मी लाजत नाही. वर्षानुवर्षं लाजून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

मी उल्हासनगरच्या एका लहान कंपनीत आहे. घरात वाजवायचे स्पीकर आणि ॲम्प्लिफायर ही कंपनी बनवते. जोडणी अंबरनाथला आनंदनगरच्या एमआयडीसीत होते आणि ऑफिस उल्हासनगरला, दुकानाच्या वरच्या मजल्यावर. स्पीकरबरोबर मोबाईलचं एक ॲप मिळतं. सिनेमा चालू असेल तर एक आवाज, क्रिकेट असेल तर दुसरा, भजनाला तिसरा, नुसत्या बोलण्याला चौथा, असे तयार आवाज त्यात भरून ठेवलेले असतात. इंजिनीअर लोक त्यांना प्रीसेट म्हणतात, दुकानात गिऱ्हाईक मोड म्हणतं. म्हणून मीही मोडच लिहिते. ॲपमधली मराठी मदतीची पानं ही माझी जबाबदारी.

माझ्या आधी ती पानं कुणाकडून तरी भाषांतर करून घेतली होती. 'आपल्या पसंतीनुसार इष्टतम ध्वनिसंरचना निवडावी' असं पहिलंच वाक्य. ते वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बदलापूरला स्टेशनबाहेर उभं राहून हे वाक्य मोठ्याने वाचा, लोक तुम्हाला निवडणुकीचा उमेदवार समजतील. मी सगळं काढून टाकलं आणि लिहिलं, 'बातम्या ऐकायच्या असतील तर बोलणं हा मोड लावा. गाण्याला तो लावू नका, गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटेल.' कंपनीच्या मालकांनी, आमच्या शेठनी, ते वाचलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"मॅडम, आपल्याच मालाला डब्बा बोलता?"

"शेठ, चुकीचा मोड लावला तरच डबा. खरं सांगितलं की गिऱ्हाईक विश्वास ठेवतं."

शेठ सिंधी, धंद्यात मुरलेले. विश्वास हा शब्द त्यांना पटला. ते वाक्य अजून तसंच आहे.

एका पानावर मात्र आमचं जमलं नव्हतं. ॲपमध्ये 'खोली मोजा' असं एक बटण आहे. ते दाबलं की स्पीकरमधून आधी पाण्याचा टँकर गल्लीत शिरावा अशी घरघर येते, मग तो आवाज चढत चढत शिट्टीपर्यंत जातो. मोबाईलचा माईक ते सगळं ऐकतो. खोली कुठला आवाज गिळते आणि कुठला उगाच घुमवते हे ॲपला त्यावरून कळतं आणि त्याप्रमाणे ते सगळे मोड आपोआप जुळवून घेतं. काम फार चांगलं आहे. पण त्या पानावर शेठनी त्यांच्या आवडीचा फोटो लावला होता. एक सोफा, एक काचेचं टेबल, कोपऱ्यात एक कुंडी, चकचकीत फरशी आणि माणूस औषधालाही नाही.

आणि नेमक्या ह्याच मोजणीनंतर तक्रारी यायच्या. दुकानात कडक वाजतो, घरी नेला की दबका वाजतो. आमचा कारागीर घरी जायचा, वायरी बघायचा, स्पीकर उघडायचा आणि हात हलवत परत यायचा. इंजिनीअर म्हणायचे गिऱ्हाईकाला कळत नाही. गिऱ्हाईकाला कळत नाही, हे वाक्य मला आमच्या ऑफिसात सर्वांत जास्त डोक्यात जातं.

आता माझ्या आईकडे यायला हवं.

आई खरवईला राहते, माझ्या भावाकडे. आम्ही आगरी. पूर्वी भाताची शेती होती, आता बरीचशी जमीन इमारतींखाली गेली आहे आणि भावाचा बांधकामाच्या मालाचा धंदा आहे. आई धवलारीण. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्यात लग्नाचे विधी धवल्यांशिवाय पुरे होत नाहीत. धवले म्हणजे लग्नाची गाणी, आणि ती गाणारी बाई म्हणजे धवलारीण. भटजी आता येतात, पण धवलारीण बसल्याशिवाय जुन्या बायकांना लग्न लागल्यासारखं वाटत नाही. आमच्या घरी हे धवले दोन बाजूंनी म्हणायची रीत. एक बाजू विचारते, हळद कुणी आणली, कुठल्या पाण्याने भिजवली, कुठल्या देवाला आधी बोलावलं. दुसरी बाजू उत्तर देते. विचारणारी बाजू आईची. उत्तराची बाजू माझ्या मोठ्या काकूची, म्हणजे आईच्या थोरल्या जावेची. आसपासच्या गावांत ह्या दोघींना बोलावल्याशिवाय मांडव उभा राहत नसे.

काकू गेली आणि आईचं गाणं थांबलं. आधी आम्हाला वाटलं दुःखाने. दुःख होतंच, पण खरी अडचण वेगळी होती. आईला नुसती आपली बाजू येत होती. उत्तरं तिने आयुष्यभर ऐकली होती, म्हटली नव्हती. काही यायची, बरीच यायची नाहीत. शेजारच्या गावातली दुसरी एखादी बाई बसवावी, तर तिची उत्तरं वेगळी.

अशात माझ्या भाचीचं, भावाच्या मुलीचं, लग्न ठरलं. पोरगी आयटीत आहे, हिंदी-मराठी-इंग्रजीची भेळ करून बोलते. मला वाटलं होतं ती डीजे मागेल. तिने डीजे मागितलाच, पण वर म्हणाली, "आत्या, हळदीला मला आजीचे धवले पाहिजेत. प्रॉपर. दोन्ही साइडचे. नाहीतर हळद लावूनच घेणार नाही मी, सांगून ठेवते."

मागच्या दारी आई मला म्हणाली, "आरधा धवला म्हनू काय मी? इचारायचं आनी उत्तर नाय द्यायचं? त्यापेक्षा डीजे बरा." तिचे डोळे भरले होते. ती लग्नात हसून बसेल, सगळ्यांचं करेल आणि मांडवात तोंड उघडणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. मला ते सहन होणार नव्हतं.

उत्तरं अस्तित्वात होती. भावाच्या लग्नाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटवर दोघींचे धवले सलग आले होते. भावाने ती कॅसेट कधीतरी मोबाईलमध्ये उतरवून घेतली होती. पण बाहेर बँजोवाले वाद्यं लावतायत, पोरं ओरडतायत आणि आत कुठेतरी ह्या दोघी. मी आणि भाचीने हेडफोन लावून लावून ऐकलं. आम्हाला आवाज यायचा, पण अनोळखी शब्द त्या गोंगाटात पकडता येत नव्हते. कुठली जुनी नावं, कुठल्या जुन्या वस्तू. ते शब्द ओळखू शकेल असं एकच माणूस घरात होतं, ते म्हणजे आई, आणि तिचे कान गेलेले. कानातलं मशीन समोरासमोर बोलायला बरं, पण गाणं लावलं की त्यात किरकिर होते, म्हणून ती ते काढून ठेवते. भाऊ बिचारा आवाज वाढवायचा, बेस वाढवायचा, भिंतीवरचं घड्याळ थरथरायचं आणि तो विचारायचा, आई, आता येतं का ऐकू? ती त्याचं मन राखायला हो म्हणायची. मला मात्र खरं सांगायची.

"आवाज येतो गो बाय. पन सबुद नाय कलत."

आमच्या इंजिनीअरने ऐकावं असं हे वाक्य आहे, कारण वय झालेल्या कानांची नेमकी हीच गत असते. अ, आ, ओ हे जाड आवाज पोचतात. स, त, च, क हे पातळ आवाज पोचत नाहीत आणि शब्द तर त्यांच्यावरच उभा असतो. आमचा 'बोलणं' हा मोड ह्याच पातळ आवाजांना वर आणतो. त्याचं पान मीच लिहिलंय. म्हणजे आईचा प्रश्न थेट माझ्या टेबलावरचा होता. मी शेठकडून एक स्पीकर घेतला आणि भावाकडे पाठवला. सांगितलं, तुम्ही मोजणी करून ठेवा, पान वाचा आणि तसंच करा, मी रविवारी दुपारी येते.

मी गेले तेव्हा आई दारातच उभी होती, ठेवणीतलं लुगडं नेसून.

"तुज्या पानावर लिवलंय तसाच केलाय सगला," ती म्हणाली.

मी मोठ्या तोऱ्यात मोबाईल काढला, 'बोलणं' लावलं आणि ती कॅसेट सुरू केली. आवाज आला तो गोधडी पांघरून. मलाच शब्द उमजेनात, आईची काय कथा. मी मोड बदलले, आवाज वाढवला, स्पीकर पुढे ओढला. आईचा चेहरा माझ्याकडे. तिला ऐकू येत नव्हतं हे तिला कळत होतं, आणि लेकीच्या कंपनीचं मशीन आहे म्हणून ती ते बोलत नव्हती. दुकानात मी हाच स्पीकर ह्याच मोडवर ऐकला होता, तिथे तो स्वच्छ बोलत होता.

"तुम्ही मोजणी केली तेव्हा नेमकं काय काय केलंत?" मी विचारलं.

भाचीला हसूच आवरेना. "आत्या, आजीने दिवाळी काढली अख्खी! पडदे धुवायला काढले. गाद्या, उशा, गोधड्या टेरेसवर. लोखंडी पलंग बाहेर. दोरीवरचे कपडे गायब. फरशी दोनदा पुसली. आणि आम्हाला सगळ्यांना बाहेरच्या ओट्यावर उभं केलं, चिडीचूप."

"आणि मग?"

"मग काय, मोजलं. मग सगळं परत आणून लावलं."

मी आईकडे पाहिलं. तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. "कंपनीचा मशीन घर बगनार," ती म्हणाली, "आनी घरान पसारा? लोकां काय म्हनतील, धवलारनीचं घर कसं हाय? तुज्या फोटोन पन कसा चकाचक हाय."

आता मला उलगडा झाला. रिकामी खोली घुमते, विशेषतः पातळ आवाज त्यात नुसते उड्या मारतात. ॲपने ते ऐकलं, त्याला वाटलं ह्या घरात पातळ आवाज फार आहेत आणि त्याने ते इमानेइतबारे कापले. नंतर गाद्या आल्या, पडदे आले, माणसं आली. ह्या सगळ्यांनी उरलासुरला पातळ आवाज गिळला. आईला जे हवं होतं नेमकं तेच तिने स्वतःच्या हाताने झाडून काढलं होतं. आणि ती एकटी नव्हती. आमच्याकडे कुणी घर बघायला येणार म्हटलं की बाई आधी केरसुणी उचलते. गॅसवाला मीटर बघायला आला तरी आधी ओटा पुसला जातो. सगळ्या गिऱ्हाईकांनी हेच केलं असणार. त्यांना काही कळत नव्हतं असं नाही, त्यांनी फोटो बघितला आणि घर तसं केलं.

"सगळं आहे तसं राहू दे," मी म्हटलं. "सगळे आत या, जिथे रोज बसता तिथे बसा. परत मोजू."

आईला ते पटेना. दोरीवर कपडे होते, पलंगाखाली लग्नाच्या आहेराचे खोके होते, कोपऱ्यात गाद्यांची चळत.

"निदान ती वरची गोधडी तरी उलटी घाल," ती म्हणाली. "तिचा ठिगल दिसतो."

"तो ऐकणार आहे, आई. बघणार नाही."

"तुला काय ठाव?"

शेवटी ठिगळाची गोधडी उलटी घातली आणि मोजणी केली. घरघर झाली, शिट्टी झाली, सगळे गप्प बसले. मग मी 'बोलणं' लावलं आणि कॅसेट पुन्हा सुरू केली.

आई पलंगाच्या कडेला बसली होती. आधी तिचा स्वतःचा प्रश्न आला, तो तिला पाठच. मग काकूचा आवाज. आईने हात वर केला, मी थांबवलं. खुणेने म्हणाली, परत. मी परत लावलं. आणि तिने ती ओळ म्हटली, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, अडखळल्याशिवाय. ज्या ठिकाणी मला आणि भाचीला नुसतं उं उं ऐकू येत होतं ते एका पाणवठ्याचं नाव निघालं. हळद त्या पाण्यात भिजवायची. तो पाणवठा बुजवून त्यावर आता एका सोसायटीचं पार्किंग आहे. आईने तसं सांगितलं, आणि मग पदराने डोळे पुसले.

"तीच हाय," ती म्हणाली. "असाच मोटा घसा होता तिचा."

मीही रडले. लपवण्यासारखं त्यात काय आहे? माझी आई किती वर्षांनी काकूला ऐकत होती, आणि ते माझ्या कामातून झालं होतं.

सोमवारी मी ऑफिसात गेले ती भांडायच्याच तयारीने. शेठच्या टेबलावर नवा फोटो ठेवला. आईची खोली, दोरीवरच्या कपड्यांसकट, गाद्यांच्या चळतीसकट, पलंगावर बसलेल्या माणसांसकट. खाली वाक्य लिहिलं होतं, 'मोजणीसाठी घर आवरू नका. रोज जसं असतं तसंच राहू द्या आणि तुम्हीही आपल्या जागेवर बसा.'

"अरे साईं! ये फोटो है के धोबीघाट?" शेठ ओरडले. "एवढा प्रीमियम माल आणि मॅडम, तुम्ही गोधडी दाखवता?"

मी त्यांना आईची दिवाळी सांगितली. आधी ते हसले. मग स्वतःच म्हणाले, त्यांच्या बायकोनेसुद्धा मोजणीच्या दिवशी हॉलमधले गालिचे उचलून आत ठेवले होते आणि घरचा स्पीकर तेव्हापासून त्यांना आवडेनासा झाला होता. त्यांना वाटत होतं आपल्याच नशिबी खराब पीस आला. मी फोटो पुढे सरकवला. माणसांचे चेहरे कापायचे, एवढ्या अटीवर तो लागला. तक्रारी त्यानंतर थांबल्याच. इंजिनीअर म्हणतात ॲप सुधारलं. म्हणू देत.

लग्नापर्यंतचे सगळे रविवार मी खरवईला काढले. आई पलंगावर आणि मी खाली चटईवर. ती ओळ ऐकायची, मला सांगायची, मी म्हणायची. उत्तराची बाजू मी शिकायची असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. आई विचारेल, मी काकूच्या जागी बसून उत्तर देईन. विचारायची बाजू आई घरी म्हणायची, ती ऐकून मला लहानपणापासून येत होतीच, ती शिकायचा प्रश्न नव्हता. बँजोच्या दणक्याखाली एक ओळ पार गेली होती, कुठल्याही मोडने ती वर येईना. आईने ती स्वतः जुळवली. मी विचारलं, काकू हेच म्हणायची का? ती म्हणाली, "ती असती तं हाच बोलली असती." तिच्या आवाजात शंका नव्हती.

हळदीच्या दिवशी दुपारी भाचीने डीजेवाल्याला सांगून बॉक्स बंद करून घेतले. मांडवात पाट मांडले होते. मी काकूच्या जागेवर जाऊन बसले, तर आईने मला दंडाला धरून उठवलं.

"हिकडं बस. माजे जागेव."

"अगं, मी उत्तरं शिकलेय. विचारणारी तू."

"इचारायचं तुला येतं. माजा तू बोल. मी तिचा बोलते."

"आई, आता ऐन वेळी काय हे? तुझी बाजू तुझीच आहे. लोक ती ऐकायला बसलेत."

ती रागावली नव्हती. एखाद्या लहान पोरीला सांगावं तसं तिने मला सांगितलं.

"माजे मागं तू हायस. तिला लेक नाय. तिचे मागं कोन हाय? मीच हाय ना."

मी उठले आणि तिच्या जागी जाऊन बसले. ती समोर बसणार होती, पण तिथून माझा आवाज तिला ऐकू आला नसता. म्हणून पाट ओढून माझ्याशेजारीच बसली आणि तिने आपला तळवा माझ्या पाठीवर ठेवला. माझी ओळ संपली की तिला ते हातालाच कळायचं. भाची हळदीच्या साडीत समोर, मांडवात कुणी हलत नव्हतं.

मी आईचा प्रश्न विचारला. आईने काकूचं उत्तर दिलं.